स्क्रीनकडे पाठ करून

वसावे सर कोणाच्याही टेबलाशी तपासणीला आले की आधी खुर्ची फिरवून घेत आणि स्क्रीनकडे पाठ करून बसत. सॉफ्टवेअर कंपनीत तपासनीस म्हणून नेमलेला माणूस, आणि त्याचं तोंड खिडकीकडे. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांकडे बघितलं. जयेश हळूच म्हणाला, सरांचा चष्मा घरी राहिला असेल.

आमचं ऑफिस नंदुरबारच्या बाजारपेठेत, कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. खालचं दुकान पारसभाईंच्या मोठ्या भावाचं, वरची कंपनी पारसभाईंची. मिरचीच्या दिवसांत खिडकी उघडली की सगळे ठसकतात, म्हणून चार महिने ती बंदच असते. नऊ माणसं काम करतात आणि त्यांच्या कामाची प्रमुख मी आहे. सातपुड्यातल्या गावांमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी करणाऱ्या एका संस्थेसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. नर्सबाई गावोगाव फिरून रक्त तपासतात, नाव आणि निकाल फोनमध्ये भरतात, आणि कोणाच्या घरी कधी गोळ्या पोचवायच्या याची यादी आमचं सॉफ्टवेअर त्यांना देतं.

संस्थेची एक अट होती. प्रोग्राम एकाने लिहायचा, दुसऱ्याने तो ओळ न ओळ वाचून सही करायची, तिसऱ्याने वापरून बघायचा, आणि मगच तो नर्सबाईंच्या फोनवर जायचा. हे खरोखर घडतं का, ते बघायला चौथा माणूस हवा. त्याने लिहायचं नाही, वाचायचं नाही, फक्त पद्धत पाळली जाते की नाही हे बघायचं. त्यासाठी वसावे सर आले. अक्कलकुवा तालुक्यातले, घरची बोली भिली, शिक्षण आश्रमशाळेत. पुण्याच्या मोठ्या कंपनीत त्यांनी बारा वर्षं हेच काम केलं होतं आणि वडील अंथरुणाला खिळले म्हणून परत आले होते. असा माणूस घरबसल्या मिळाला, नशीब आपलं, असं पारसभाई म्हणाले. मला तसं काही वाटलं नव्हतं. माझ्या लेखी तो एक जादा फॉर्म होता.

त्यांची रीत अशी. ज्याने दुसऱ्याचा प्रोग्राम वाचून सही केली आहे त्याच्याजवळ ते बसायचे, पाठ करून, आणि म्हणायचे की यात काय आहे ते सांगा. जयेशने पहिल्या दिवशी धडाधड सांगितलं. सिंक, व्हॅलिडेशन, एक्सेप्शन, सगळं. सरांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या भिली वळणाच्या अहिराणीत म्हणाले, "आते हाईच तुन्ही मायले सांग."

जयेश हसला. "सर, मन्ही माय पाचवी शिकेल शे. तिले काय समजी?"

"तिले समजी. तुले समजनं का, ते देखनं शे."

जयेश धुळ्याकडचा, घरात अहिराणीच. तरी त्याला पहिलं वाक्य सापडायला बराच वेळ लागला. मग तो अडखळत सांगू लागला की फोनले रेंज नही ऱ्हायनी त माहिती फोनमाच थांबस, रेंज उनी का धाडी देस. सरांनी खिडकीकडे बघतच विचारलं, आणि दोनदा धाडली गेली तर? तो प्रोग्राम सविताने लिहिलेला होता. दोनदा गेली तर काय, याचा विचार तिनेही केला नव्हता, आणि सही करणाऱ्या जयेशनेही नाही. सरांनी फॉर्मवर लिहिलं, "वाचन झाले नाही," आणि त्याखाली पट्टी धरून रेघ मारली. प्रत्येक शेऱ्याखाली ते पट्टीनेच रेघ मारत.

त्या दिवसापासून त्यांचं नाव मायवाले सर पडलं. ऑफिसात इंग्रजी शब्द टाकून कोणालाही वेळ मारून नेता येते, मीही वर्षानुवर्षं नेली आहे. अहिराणीत ते जमत नाही. जे कळलेलं नाही त्याला अहिराणीत शब्दच येत नाही, माणूस नुसता हात हलवत बसतो. सविता पावरा समाजाची असल्यामुळे तिला ते पावरी बोलीत सांगायला लावत. तेवढी पावरी त्यांना येते का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अर्धी येते. पण ती कुठे अडली, ते पूर्ण कळतं."

कौतुक मात्र त्यांच्याकडून निघत नसे. सगळं नीट असेल तर फॉर्मवर "ठीक". वर्षभरात जयेशला दोन ठीक मिळाले, त्यातल्या दुसऱ्याचा त्याने फोटो काढून ठेवला. भर मेमध्ये बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली असत. चहा समोर ठेवला की तो पूर्ण थंड होईपर्यंत हात लावत नसत. कोणी विचारलं तर गरम चहा पिताना माणूस घाई करतो, असं सांगत. चीड यायची. माझ्यासारख्या बाईला तर फारच, कारण माझी अर्धी कामं गरम चहा पीत उभ्याउभ्या होतात.

एकदा महिन्याचे सगळे फॉर्म त्यांच्याकडे गेले. त्यांनी ते उन्हाकडे धरून बघितले आणि बाजूला ठेवले. सविताच्या बावीस दिवसांच्या बावीस सह्या, सगळ्या एकाच पेनाच्या, आणि पेन संपत आल्याची फिकट रेघ तारखेच्या क्रमाने वाढत गेलेली. सगळ्या एका बैठकीत केल्या होत्या हे शाळेतल्या पोराला कळलं असतं. सर रागावले नाहीत. प्रत्येक फॉर्मवर आजची तारीख घालून त्यांनी आपली सही केली आणि सविताला एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी पेन तरी बदला." सगळे हसले. सविता हसली आणि मग रडकुंडीला आली. पुढच्या महिन्यापासून सह्या त्या त्या दिवशी होऊ लागल्या.

होळीला ते पाच दिवस गावी जात. त्यांच्याकडची होळी म्हणजे चेष्टा नाही, दिवाळीपेक्षा मोठा सण. परत आल्यावर त्या पाच दिवसांच्या फॉर्मवर त्यांनी स्वतःच शेरा लिहिला, "तपासनीस गैरहजर. या कामाची तपासणी झाली नाही." पारसभाईंनी समजावलं की सर, आता बघून घ्या आणि सही करून टाका, संस्थेला कशाला कळवायचं. ते म्हणाले, आता बघितलं तर आता बघितलं असं लिहीन. तो शेरा तसाच संस्थेकडे गेला. तिकडून एका ओळीचीही विचारणा झाली नाही, आणि पारसभाईंना आठवडाभर उगाच झोप लागली नाही.

यावरून कोणाला ते नियमांचे किडे वाटतील, म्हणून आणखी एक सांगते. आमच्या पद्धतीत नर्सबाईंसाठीही एक नियम होता. माहिती रुग्णासमोर, तिथल्या तिथे भरायची. नर्सबाई तो पाळत नाहीत अशी तक्रार होती. सर कोणी न सांगता एक दिवस नर्सबाईंबरोबर नर्मदेकाठच्या गावी गेले, जीपने आणि पुढे होडीने. परत येऊन त्यांनी सांगितलं की होडीतून उतरताना बाईंच्या एका हातात रक्ताच्या बाटल्यांचा डबा असतो, दुसरा हात दोरीला असतो. फोन पिशवीत तळाशी. त्या नाव आणि निकाल मनगटावर पेनाने लिहितात आणि चढ चढून वर आल्यावर भरतात. नर्सबाईंवर शेरा मारा, असं मी म्हटलं. त्यांनी शेरा मारला तो आमच्यावर. पद्धत अशी लिहावी की माणसाला ती पाळता येईल. आम्ही नियम बदलला, नर्सबाईंना छापील वही दिली, आणि तक्रार संपली.

आता माझ्याकडे येते.

मागच्या पावसाळ्यानंतर संस्थेने एक काम सांगितलं. एकाच माणसाची नोंद दोनदा तीनदा होत होती, यादी फुगत होती. अशा नोंदी ओळखून एकत्र करायच्या. जयेशने तो भाग लिहिला. वाचणारी सविता बाळंतपणाच्या रजेवर गेली होती, म्हणून वाचन मी माझ्याकडे घेतलं. सोमवारपासून डोंगरात नवी शिबिरं सुरू होणार होती. शुक्रवारी मी फॉर्मवर "वाचले" असं लिहून सही केली. फाइल मी उघडलीसुद्धा नव्हती. जयेश चांगलं लिहितो, एवढं मला माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं वाटलं.

शनिवारी वसावे सर माझ्या केबिनमध्ये आले. खुर्ची फिरवली, पाठ करून बसले. "मॅडम, सांगा. दोन नोंदी एकाच माणसाच्या, हे ते कसं ठरवतं?"

मी म्हटलं, नेहमीच्या पद्धतीने, मॅचिंगचं लॉजिक आहे.

"घरच्या बोलीत सांगा ना."

दारात जयेश उभा होता, बाहेर दोघं तिघं ऐकत होते. मला सांगता येणार नव्हतं. वाचलेलं नाही, हे मात्र सांगता येत होतं, दोन शब्दांचं काम होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "वसावे सर, मी इथे तोंडी परीक्षा द्यायला बसलेली नाही. पोरांना विचारता ते ठीक आहे."

ते उठले, खुर्ची होती तशी ठेवली आणि गेले. त्यांचा शेरा काय येणार हे मला माहीत होतं. तो शेरा माझ्या नावापुढे यायला नको होता. म्हणून दुपारी मी पद्धतीच्या पुस्तिकेत एक कलम घातलं. "प्रमुखांनी केलेल्या वाचनाची तोंडी पडताळणी आवश्यक नाही." चांगल्या, स्वच्छ मराठीत. पारसभाईंनी ते न वाचता मंजूर केलं, कारण मी सांगितलं होतं. मग पुस्तिकेचं ते पान मी वसावे सरांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी ते उभ्याने वाचलं. दोनदा. मला म्हणाले, "मॅडम, हा नियम तुमच्या भल्याचा नाही."

"पण नियम आहे," मी म्हटलं.

त्यांचं काम नियम पाळला की नाही हे बघण्याचं. नियम पाळला गेला होता. फॉर्मवर त्यांनी "नियमाप्रमाणे" लिहिलं आणि सही केली. पट्टी शेजारीच पडली होती, तिला त्यांनी हात लावला नाही. हे मी बघितलं आणि मला जिंकल्यासारखं वाटलं.

चार महिन्यांनी नर्सबाईंचा फोन आला. नर्मदेकाठच्या एका गावातली मीना तडवी नावाची मुलगी हॉस्पिटलात होती. सिकलसेलची रुग्ण, नियमाने गोळ्या घेणारी. चार महिने तिच्या घरी गोळ्या पोचल्याच नव्हत्या. गावच्या आशाताईने मध्ये एकदा विचारलं होतं, तर नर्सबाईंनी फोन बघून सांगितलं की यादीत नाव नाही, डॉक्टरांनी बंद केल्या असतील. मग एका सकाळी मीनाच्या सांध्यांमध्ये आणि छातीत असं दुखू लागलं की तिला झोळीत घालून होडीपर्यंत आणावं लागलं, होडीतून जीपमध्ये, जीपमधून हॉस्पिटलात. ती वाचली. हे मी लगेच सांगून टाकते, कारण मला ते कळायला पूर्ण एक दिवस लागला होता आणि तसा दिवस कोणाच्या वाट्याला येऊ नये.

फोन ठेवल्यावर मी जयेशची फाइल पहिल्यांदा उघडली. वाचायला तीन मिनिटं लागली. नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख सारखी, तर माणूस एकच, आणि निकाल शेवटचा धरायचा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव प्रत्येक वेळी वेगळं लिहिलं जातं म्हणून जयेशने ते सोडून दिलं होतं. त्या गावात मीना तडवी दोन होत्या. दुसरीची तपासणी नंतर झाली, तिचा निकाल निगेटिव्ह. सॉफ्टवेअरने दोघींची एक मीना केली आणि तिला बरी ठरवलं.

जन्मतारीख दोघींची एक जून. डोंगरातल्या निम्म्या माणसांची एक जून असते. शाळेत घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी एक जून लिहितात. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आदल्याच वर्षी एक जूनला आम्ही वसावे सरांसाठी केक आणला होता. त्यांनी सुरी हातात घेऊन विचारलं होतं की माझ्या बायकोचा, दोन्ही भावांचा आणि सरपंचाचाही आजच आहे, त्यांना कोण कापून देणार. सगळ्यात मोठ्याने मी हसले होते.

म्हणजे त्या शनिवारी मी एक वाक्य बोलले असते, नाव गाव नि जन्मतारीख सारखी त मानूस एकच, तर खिडकीकडे तोंड करून बसलेल्या त्या माणसाने ते पुरं होण्याआधी मला थांबवलं असतं. वाक्य सोपं आहे. माझ्या आईलाही कळलं असतं.

चौकशीला संस्थेकडून एक डॉक्टर बाई आल्या. पारसभाई, मी, जयेश, वसावे सर, एवढेच बसलो होतो. जयेशने आपली चूक आपणहून सांगितली. मग डॉक्टर बाईंनी विचारलं, "हे दुसऱ्या कोणी वाचलं होतं का?"

मी म्हणाले, "टीमने वाचलं होतं."

टीमने. फॉर्मवर माझी सही होती, पण ती गिचमिड आहे, ओळखू येत नाही. त्यांनी फॉर्म उलटला. "आणि नियमाप्रमाणे झालं, असं कोणी लिहिलं?"

"मी," वसावे सर म्हणाले.

"तुम्ही वाचणाऱ्याला विचारलं नाही? तुमच्याकडे तशी पद्धत आहे ना?"

"या वाचनाला तो नियम लागू नव्हता."

"हा नियम कोणी केला?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. जयेश पहिल्या दिवशी वाक्य शोधत होता तेव्हा ते जसे थांबले होते, तसेच थांबले. रागाने नाही, घाईने नाही. माझी बोलायची पाळी होती. मी समोरची पाण्याची बाटली बघत राहिले. शेवटी पारसभाई म्हणाले की नियम कंपनीचा आहे, आणि डॉक्टर बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

संस्थेचं पत्र आलं ते तपासनीस बदला असं. पारसभाईंचा जीव खालीवर झाला, तरी त्यांनी बदलला. जयेशची दुरुस्ती एका दुपारीत झाली, आता नोंदी एकत्र करण्याआधी नर्सबाईंना विचारलं जातं. ते कलमही मी काढून टाकलं. पुस्तिकेत आता त्याची खूण नाही. नवीन तपासनीस बाई आहेत, त्या स्क्रीनकडे बघतात. पोरं मात्र अजूनही एकमेकांचं काम सह्या करण्याआधी आपसात अहिराणीत सांगून बघतात. हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

माझं पद तसंच आहे. मीनाच्या घरच्यांना मी भेटलेली नाही.

दीड महिन्याने वसावे सर ऑफिसात आले. तळोद्याला एका कॉलेजात नोकरीचं चाललं होतं, अनुभवाचं पत्र हवं होतं. पारसभाई बाहेरगावी होते, पत्र मीच तयार करून ठेवलं होतं. मनापासून लिहिलं होतं, जरा जास्तच. काम अत्यंत उत्कृष्ट, वर्तणूक आदर्श, वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने नोकरी सोडली.

ते उभ्याने वाचू लागले. पोरं उठून आली होती, सविता बाळाचे फोटो दाखवत होती, पण वाचून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग पत्र माझ्यासमोर ठेवून "स्वेच्छेने" या शब्दावर बोट टेकवलं.

"हे खरं नाही, मॅडम."

मी म्हटलं, सगळीकडे असंच लिहितात, तुमच्याच भल्याचं आहे.

"कॉलेजवाले विचारतील का सोडली. मी खरं सांगणार. मग तुमचं पत्र खोटं ठरेल. खरं लिहून द्या, मला चालेल."

"काय लिहू?"

"काय झालं ते. चार ओळी होतील."

ते बसले नाहीत. मी नवीन पान उघडलं. तारीख टाकली, त्यांचं पूर्ण नाव टाकलं. पुढच्या ओळीत माझं नाव यायला हवं होतं. त्याशिवाय वाक्य पुरंच होत नव्हतं, मी चार तऱ्हेने करून बघितलं. बाहेर पोरं सविताचं बाळ कोणासारखं दिसतं यावर भांडत होती. मी म्हणाले, पारसभाई सोमवारी येतात, त्यांच्या सहीनेच गेलेलं बरं, सोमवारी या.

"बरं," ते म्हणाले. सोमवारी ते येणार नाहीत हे मला कळलं होतं, आणि मला कळलं आहे हे त्यांनाही.

जिना उतरल्याचा आवाज थांबला तशी मी उठून खिडकीशी गेले. समोर अक्कलकुव्याची जीप भरत होती. मागच्या बाकावर जागा नव्हती. एका म्हातारीने आपली टोपली मांडीवर घेऊन त्यांना जागा करून दिली, ते आत शिरले, बाह्यांची बटणं तपासली आणि वर बघितलं. मी दिसले तसा त्यांनी हात वर केला, रोज संध्याकाळी ऑफिसातून निघताना करायचे तसा. मी निरोप द्यायला आले आहे असं त्यांना वाटलं असावं. ते गेले की नाही, एवढंच बघायला मी खिडकीशी गेले होते.